एका मिनिटात मान मोकळी

जबाब देणार: मणक्याच्या डॉक्टरांची बायको. वय ४४ वर्षे. काम: दवाखान्यातील नोंदणी, फोन घेणे आणि दवाखान्याचे पेज चालवणे. राहणार: दवाखान्याच्याच इमारतीत, दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

मी आज शुक्रवारी सकाळी सव्वाअकरा वाजता आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही आणि कोणी पढवून पाठवलेले नाही. हवालदारांनी समोर बसवून विचारल्यावरून खरे ते सांगते. थोडक्यात सांगा असे मला दोनदा बजावण्यात आले आहे. मी प्रयत्न करते, पण थोडक्यात दाखवण्याच्या नादातच हे सगळे झाले, म्हणून आज जरा लांबले तर लांबू द्यावे.

माझे पती गेली एकोणीस वर्षे हाताने मणके आणि सांधे बसवण्याचे काम करतात. त्याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. हा शब्द आमच्या पाटीवर आहे, पण आजवर तो पूर्ण वाचणारा बहुधा पाटी रंगवणारा एकटाच. गल्लीत त्यांना मानमोडे म्हणतात. पहिली काही वर्षे ते चिडायचे, नंतर ओ द्यायला लागले. दवाखाना तळमजल्यावर आहे. बाहेर चार खुर्च्या, माझे टेबल, आत एक पडदा, पडद्यामागे लांब बाक आणि एक स्टूल. आत जाणाऱ्याला आम्ही मागून उघडणारा राखाडी सदरा घालायला देतो. सगळे सदरे एकाच कापडाचे, मीच शिवून घेतलेले आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

दोन वर्षांपूर्वी मागच्या रस्त्याला काचेच्या दाराचे मोठे केंद्र निघाले आणि आमच्या चार खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. पती वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, मी समोर बसून माशा मारायचे. त्यावर माझ्या भाचीने पेज काढून दिले. ती म्हणाली, "मावशी, काकांचं काम लोकांना दिसलं पाहिजे. आणि दिसण्यापेक्षा ऐकू आलं पाहिजे. लोक तो कट आवाज ऐकायला थांबतात." तिने सदऱ्याच्या गळ्याला अडकवायचा छोटा माइक मागवून दिला. मान किंवा पाठ बसवताना जो आवाज होतो तो त्यात स्पष्ट येतो. तिने आणखी एक सांगितले की, रोज एक टाकायचा, एक दिवस चुकला की पेज खाली जाते. तेव्हापासून मी एक दिवसही चुकवलेला नाही. ताप असतानाही नाही. याचा मला अभिमान होता.

व्हिडिओ टाकू लागल्यावर लोक येऊ लागले. चार खुर्च्यांच्या सहा केल्या. पतींना त्यातले काही कळत नाही आणि कळून घ्यायचेही नव्हते. ते म्हणायचे, "तुझं ते फोनचं तू बघ, मला माझं काम करू दे." मी पेशंटची परवानगी लेखी घेत असे. चेहरा दाखवायचा नसेल तर मागून घेत असे.

मला विचारण्यात आले की, व्हिडिओत याआधी कधी काही फेरफार केला आहे काय. तर होय. दरवेळी आवाज येतोच असे नाही. पती म्हणतात, आवाजाचा आणि बरे वाटण्याचा काही संबंध नाही, पण बघणाऱ्याला ते कोण सांगणार? म्हणून चांगले आवाज आलेले तुकडे मी फोनात एका कप्प्यात वेगळे ठेवले होते. कप्प्याला 'चांगले कट' असे नाव दिले आहे. ज्याचा आवाज आला नाही त्याला त्यातला एक लावायचा. पाठीचा पाठीला, मानेचा मानेला. यात कुणाचे नुकसान आहे असे मला कधी वाटले नाही. भाजीवर पाणी मारून ती ताजी दाखवतात तितकेच हे आहे, असे मी धरून चालले होते.

या सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी समोरच्या बेकरीच्या ताई आल्या. त्या आणि मी अकरा वर्षे एकमेकींना ओळखतो. त्यांच्या ओव्हनचे दार जरा जोरात लागले तरी आमच्या टेबलावरची पेनं हलतात, इतकी दोन्ही दुकाने जवळ आहेत. त्या म्हणाल्या, "शनिवारपासून मान धरलीय, डावीकडनं. आणि मला पण पेजवर टाका बरं का, गिऱ्हाइकं विचारतात, तुम्ही कधी दिसणार म्हणून." मी हसून माइक लावला. परवानगीच्या कागदावर त्यांनी सही केली. तो कागद सोबत आणला आहे.

पतींनी नेहमीप्रमाणे आधी प्रश्न विचारले. त्यात ताईंनी सांगितले की, शनिवारपासून चक्कर येते, कधी एकाचे दोन दिसतात, आणि डावा गाल बधिर वाटतो. पतींनी लगेच हात मागे घेतले. हे मी फोन धरून उभी असताना तीन फुटांवरून पाहिले. त्यांनी ताईंना बोटाकडे बघायला लावले, नाकाला बोट लावायला लावले, रक्तदाब पाहिला. मग म्हणाले, "ताई, जरा हसून दाखवा." ताई म्हणाल्या, "फोटोसाठी का?" आणि खरेच हसल्या. पती हसले नाहीत. चेहऱ्याची एक बाजू पडते का हे ते बघत होते. ते मला तेव्हा माहीत नव्हते, आज माहीत आहे.

त्यानंतर पती जे बोलले ते शब्द मला पाठ आहेत. "ताई, आज मी तुमच्या मानेला हात लावणार नाही. हे मानेचं दुखणं नसेल असं मला वाटतंय. आत्ता, इथनं उठून सरळ मोठ्या दवाखान्यात जा. भाऊंना फोन करू का?" भाऊ म्हणजे ताईंचे यजमान. ताई म्हणाल्या, "अहो, तुमचे व्हिडिओ बघते ना मी, एका मिनिटात होतं. एवढं काय?" पतींनी चिठ्ठी लिहून हातात दिली आणि दवाखान्यातल्या त्यांच्या कार्डावर नोंद केली: मान फिरवलेली नाही, आजच पाठवले. ताई खट्टू होऊन गेल्या. भट्टी लागली आहे, दुपारी जाईन, असे म्हणाल्या. पती दारापर्यंत त्यांच्या मागे गेले. तोवर पाठ धरलेले एक गृहस्थ आत येऊन बसले होते, म्हणून ते परत फिरले.

पतींनी त्यांच्या मानेला हात लावला नाही. हे वाक्य वेगळे लिहावे, अशी माझी विनंती आहे.

त्या दिवशी दुपारी एक वाजेपर्यंत माझ्याकडे टाकण्यासारखे दुसरे काही नव्हते. बाकी आलेल्या पेशंटनी परवानगी दिली नव्हती. रोज एक, हा नियम माझ्या डोक्यात बसलेला. ताईंचे चित्रण चांगले आले होते. त्या मनमोकळ्या बोलतात, कॅमेऱ्याला बुजत नाहीत. मी टेबलावर बसून, पाव खाता खाता, तीन तुकडे जोडले. पहिला, ताई म्हणतात शनिवारपासून मान धरलीय. दुसरा, पाठमोरी बाई, राखाडी सदरा, पतींचे दोन्ही हात डोक्याला, मान फिरते, कट असा आवाज. तिसरा, ताई हसतात. एकूण सव्वीस सेकंद. वर लिहिले, एका मिनिटात मान मोकळी. दुसऱ्या तुकड्यातली बाई ताई नव्हेत. त्या पलीकडच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या टेलरबाई आहेत. हे चित्रण मागच्या हिवाळ्यातले, 'चांगले कट' मधले, पेजवर कधी न टाकलेले. सदरा तोच, केसही जवळपास तितकेच. जोड कळू नये असा मी बसवला होता, आणि कळला नाही.

तिसऱ्या तुकड्यातले हसू म्हणजे पतींनी तपासायला लावलेले हसू होय.

व्हिडिओ एक वाजून पंधरा मिनिटांनी टाकला. पेशंटला दाखवूनच टाकायचा असे आमचे ठरलेले असते, पण बेकरीत दुपारी गर्दी होती. त्यांना आवडेल असेच मला वाटले. फोनात जागा कमी असल्याने मूळ चित्रण मी रोज काम झाले की पुसते. तसे तेही पुसले. 'चांगले कट' मधला टेलरबाईंचा तुकडाही वापरून झाला म्हणून पुसला. एकच आवाज दोनदा लावला तर नेहमी बघणारे ओळखतात. संध्याकाळपर्यंत चाळीस हजार लोकांनी पाहिला. आमच्या पेजवर इतके कधी झाले नव्हते. मी पतींना सांगितले तर म्हणाले, "बरं. बेकरीच्या ताई गेल्या का गं दवाखान्यात?" मी म्हटले, गेल्या असतील. मी खिडकीतून बघायला हवे होते. समोरच तर दुकान आहे. मी फोनमध्ये होते.

मंगळवारी बेकरी नेहमीप्रमाणे उघडी होती. ताई गल्ल्यावर होत्या. दुकानात येणारा जो तो त्यांना म्हणत होता, झाली ना मान बरी, आम्ही पाहिलं. हे मला दूधवाल्याने सांगितले आणि मी खूश झाले. त्यांना बरे वाटत असणार, असे मी स्वतःला सांगितले. बुधवारी अकराच्या सुमारास ताई गल्ल्यावरच कोसळल्या. पाव ठेवायचा ट्रे खाली पडल्याचा आवाज आमच्याकडे आला. पती चप्पल न घालता धावले. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी ताईंचे डोके धरून ठेवले होते. मेंदूचा झटका असे दवाखान्यातून कळले. अजून बोलत नाहीत. उजवा हात हलत नाही.

गुरुवारी दुपारी बेकरीवाले भाऊ आमच्याकडे आले. आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते. त्यांनी फोन पतींपुढे धरला आणि विचारले, "डॉक्टर, हे तुम्हीच ना?" पतींनी व्हिडिओ तेव्हा पहिल्यांदा पाहिला. भाऊ म्हणाले, "ती नको म्हणत होती. मीच पाठवली तुमच्याकडे. म्हटलं, आपला माणूस आहे." एवढेच बोलून ते तक्रार द्यायला इकडे आले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. चिठ्ठी त्यांच्या घरात सापडलेली नाही, असे कळते.

गुरुवारी चार वाजता पतींना चौकशीसाठी इथे आणले. मी सोबत होते. साहेबांनी त्यांना तोच व्हिडिओ दाखवून विचारले, "हात कुणाचे?" पती म्हणाले, "माझे." साहेबांनी कार्ड दाखवून विचारले, मग हे असे का लिहिले, की मागाहून लिहिले? पतींनी व्हिडिओ पुन्हा मागितला. तीनदा पाहिला. मग म्हणाले, "मी त्यांना परत पाठवल्याचं मला आठवतंय. मान फिरवल्याचं आठवत नाही. पण इथे तर दिसतंय. म्हणजे केली असेल." पती आपल्या तळहातांकडे बघत बसले होते.

त्या वेळी मी त्यांच्या शेजारी त्याच बाकावर होते. आमच्या दोघांमध्ये पाण्याची बाटली होती. मी काही बोलले नाही.

मला विचारण्यात आले की, का बोलला नाहीत. भीती वाटली. दुसरे काही कारण नाही. पेज माझे, परवानगी माझी, जोड माझा, आणि समोर ते गुन्हा कबूल करत होते. बाकाची कड घट्ट धरून मी बसून राहिले. त्यांना आत ठेवून घेतले, आणि मी घरी गेले. एकोणीस वर्षांत त्यांनी एका पेशंटला खोटे सांगितलेले नाही, म्हणून त्यांना पडद्यावर दिसलेले खोटे असू शकते हे सुचलेसुद्धा नाही. माझ्यावर संशय घ्यायचे तर त्यांच्या मनातच येणार नाही. आले असते तर मला सोपे गेले असते.

आज सकाळी आठ वाजता मी टेलरबाईंकडे गेले. म्हटले, तुम्ही येऊन सांगा की ती मान तुमची आहे. त्या मशीनवरून न उठता म्हणाल्या, "मागनं कुणाची मान कुणाला ओळखू येते, वहिनी? आणि तुम्ही माझी मान दुसरीच्या नावावर लावलीत, ते मी कुणाला सांगू? मला नका ओढू यात." त्यांच्या पाया पडायचे तेवढे बाकी ठेवले. भाचीला फोन केला, पुसलेले परत येते का विचारायला. ती म्हणाली, मावशी, इतक्या दिवसांत वर दुसरं किती भरलंस तू, अवघड आहे. मी व्हिडिओत ताईंच्या केसांचा चाप तपकिरी आणि मधल्या तुकड्यात काळा आहे हे दाखवते, तर आत्ता हवालदारच म्हणाले की, प्रकाशाने तसे दिसते. माझेच काम इतके चांगले झाले आहे की ते खोटे आहे हे मला सिद्ध करता येत नाही.

तेव्हा मी पेज उघडले. व्हिडिओ काढून टाकावा म्हणून नव्हे, तो तर हजारो जणांकडे गेलेला आहे. आणखी काही धागा मिळतो का ते बघायला मी संदेश चाळले. सोमवारपासून चारशेच्या वर आले होते. चारशे संदेश कोण वाचणार? मी एक उत्तर फोनात तयार करून ठेवले आहे. एक अक्षर दाबले की पूर्ण ओळ येते. मी येईल त्याला तेच पाठवत जाते आणि पुढे बदाम लावते. सोमवारीही जेवण झाल्यावर पलंगावर बसून ओळीने सगळ्यांना पाठवले होते.

त्यात सोमवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी बेकरीच्या ताईंच्या खात्यावरून आलेला संदेश आहे. तो आहे तसा लिहून घ्यावा:

"ताई व्हिडिओ बघितला छान आलाय. पण माझी मान तर डॉक्टरांनी फिरवलीच नाही ना. उलट मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. घरी सगळे इतके खूश आहेत की मी काही बोलले नाही. चक्कर अजून आहे. दवाखान्यात जाऊ का राहू देऊ? तुम्ही जरा डॉक्टरांना विचारून सांगा ना."

फोन मी आपल्या ताब्यात देत आहे. उघडण्याचा आकडा तोंडी सांगितला आहे. ताईंचा फोन त्यांच्या घरच्यांना उघडता येत नाही, म्हणून हे भाऊंनी पाहिलेले नाही. तोही उघडून ताडून बघावा. पतींनी मान फिरवलेली नाही, हे ताईंनीच आपल्या हाताने लिहिलेले आहे. याहून मोठा साक्षीदार मी कुठून आणू?

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही हाच व्हिडिओ दाखवला आहे असे कळते. त्यांना आजच, शक्य तर आत्ताच कळवावे की मान फिरवलेली नाही, आणि चक्कर, दुहेरी दिसणे व गाल बधिर होणे हे शनिवारपासून होते. त्याने ताईंच्या उपचारात काही फरक पडतो की नाही हे मला कळत नाही. पडत असेल तर एक तास तरी वाचू दे. माझे पुढे काय करायचे ते नंतर ठरवावे. मी इथेच बसले आहे, कुठे जात नाही.

पतींना भेटू द्यावे असे मी सकाळपासून तीनदा विचारले. जबाब होईपर्यंत भेटता येणार नाही असे सांगितले. ते पलीकडच्या खोलीत आहेत, त्यांचा खोकला मला ओळखू येतो. भेटू दिले नाही तरी चालेल, पण हा जबाब त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. त्यांना सांगावे की हात त्यांचेच आहेत, पण मान त्या ताईंची नाही. त्यांच्या हातांनी त्यांना न विचारता काही केलेले नाही. मी सांगितले तर त्यांना वाटेल, बायको आहे, वाचवायला बोलते आहे. ते पुन्हा कुणाच्या मानेला हात लावणार नाहीत, आणि एकोणीस वर्षांचे ते हात मी सव्वीस सेकंदांत घालवले असे होईल.

शेवटी मला विचारण्यात आले की, सदर संदेशाला उत्तर दिले होते काय. तर होय. सोमवारी रात्री जेवणानंतर माझ्या फोनवरून उत्तर गेले आहे. तेही लिहून घ्यावे:

"धन्यवाद ताई! डॉक्टरांवर असाच विश्वास असू द्या. निश्चिंत राहा!"

पुढे लाल बदाम आहे. ताईंनी त्यावर हात जोडले आहेत. त्यानंतर त्यांचा संदेश नाही.

वर लिहिलेले सर्व हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवले, मी ते शेवटपर्यंत ऐकले आणि ते मी सांगितले तसेच आहे. फक्त उत्तराच्या ठिकाणी हवालदारांनी कनवाळूपणाने आपणहून 'नजरचुकीने' असा शब्द घातला होता, तो मी खोडून घेतला आहे. मी तो संदेश वाचलाच नव्हता. खोडलेल्या जागी आणि खाली, दोन्हीकडे सही केली आहे.